फुगा गोल दिसला पाहिजे

२०१७च्या मार्चमध्ये, गुढीपाडव्याच्या आधीच्या रविवारी सकाळी, उमेश टिपणीस यांनी सिंगापूरच्या चोआ चू कांग भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये एक जपानी गेम कन्सोल जाळला. आग लागली नाही. केबल चुकीची लागली, थोडा जळका वास आला आणि चित्र गेलं. घरात त्या वेळी टिपणीस, त्यांची पत्नी मधुरा, मुलगी इरा आणि सासरे अप्पा पाटणकर एवढी माणसं होती. कन्सोल नव्वदच्या दशकातला होता. टिपणीस पन्नाशीच्या जवळ आले होते. अशी चूक का होते आणि कशी टाळायची, हे त्यांनी तोवर सिंगापुरातल्या ओळखीच्या बहुतेक मराठी माणसांना समजावून सांगितलेलं होतं.

टिपणीस एका बँकेत इंटर्नल ऑडिटला होते. मूळचे ठाण्याचे. एम्प्लॉयमेंट पासवर आले, पुढे पीआर, म्हणजे तिथले कायमचे रहिवासी झाले. मी त्यांच्याच ब्लॉकमध्ये काही मजले खाली राहत असे. आमची ओळख लिफ्टमधली. लिफ्टमधल्या ओळखीत माणसं साधारण हवेबद्दल बोलतात. टिपणिसांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "तुमच्याकडे टीव्हीचं पिक्चर ओढलेलं आहे का?"

"म्हणजे?"

"जुनं चित्र चौकोनी असतं. नवा टीव्ही आडवा. लोक चौकोनी चित्र दोन्ही बाजूंनी ओढून आडव्यात बसवतात. माणसं जाडी दिसतात. कुणाला काही वाटत नाही." तेवढ्यात तळमजला आला. दार उघडं धरून त्यांनी वाक्य पुरं केलं, "स्वतःचा फोटो कुणी असा ओढला तर चालेल का?"

त्यांचा छंद एका वाक्यात सांगता येतो. जुने गेम कन्सोल नव्या टीव्हीला जोडायचे आणि चित्र जसं बनवलेलं होतं तसं दाखवायचं. हे कन्सोल ज्या काळात निघाले त्या काळात टीव्ही जाडजूड काचेचे होते आणि कन्सोल एका पिवळ्या वायरने त्यांना जोडला जाई. आवाजाची लाल आणि पांढरी, चित्राची पिवळी. टिपणिसांचा सगळा राग या पिवळ्या वायरीवर होता. तिच्यातून तांबडा, हिरवा, निळा हे तिन्ही रंग एकत्र जातात आणि टीव्हीत पोचेपर्यंत एकमेकांत मिसळतात. "सगळं खानदान एका रिक्षात कोंबायचं आणि उतरल्यावर विचारायचं, साड्या का चुरगळल्या?" असं ते म्हणत. त्यांच्याकडच्या केबलमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी तार होती. तिचं टोक एकवीस पिनांचं, रुंद आणि ओबडधोबड. ते एका छोट्या डब्यात जायचं, डबा चित्र मोठं करायचा आणि एचडीएमआयने टीव्हीला द्यायचा. डबा युरोपातून मागवलेला. केबल कधी इंग्लंडमधून, कधी जपानमधून.

त्यांच्या हॉलमधला सोफा भिंतीला टेकलेला नव्हता. टीव्हीपासून तो किती लांब असावा हे गणिताने ठरलं होतं, आणि त्यामुळे सोफ्याच्या मागे एक बोळ तयार झाला होता. त्या बोळातून स्वयंपाकघरात जावं लागे. मधुरा म्हणायची, "आमच्याकडे देवापुढे एक दिवा असतो. टीव्हीच्या मागे सात लागलेले असतात, चोवीस तास."

हा छंद कुठून आला याबद्दल घरात दोन मतं होती. मधुराचं मत असं की ठाण्याला लहानपणी त्यांच्याकडे व्हिडिओ गेम नव्हता. तो समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलाकडे होता आणि उमेश तो खिडकीतून, रस्त्याच्या पलीकडून बघत असे. टिपणिसांनी हे कधी मान्य केलं नाही. "तसं काही नाही. खिडकीतून उत्तम दिसायचं," एवढंच ते म्हणाले.

परक्या घरात गेल्यावर माणसं चपला काढतात, पाणी घेतात, बसतात. टिपणीस चपला काढत आणि टीव्हीच्या मागे जात. बुकित तिमाहला एका बँकरच्या काँडोत, महागड्या खासगी फ्लॅटमध्ये, कोजागिरी होती. यजमानांनी हौसेने सगळ्यात मोठा टीव्ही घेतला होता आणि मुलांसाठी जुना कन्सोल त्याला जोडून ठेवला होता. पिवळ्या वायरीने. दुधाचे ग्लास फिरायला लागले तेव्हा टिपणीस दिसेनात. नंतर टीव्हीच्या कपाटाखाली दोन मोजे दिसले. ते बाहेर आले, रिमोट घेतला, सेटिंगमधल्या तीन-चार गोष्टी बंद केल्या आणि मागे सरून उभे राहिले.

"आता बघा."

यजमान बराच वेळ बघत राहिले. "मला तर सारखंच दिसतंय हो, टिपणीस."

"तुम्हाला सारखं दिसतंय, तिथेच तर गोची आहे."

"बाजूला या काळ्या पट्ट्या आल्या, त्या जातील का?"

"त्या जायच्या नाहीत. त्या हव्यातच."

पुढच्या वर्षी त्या घरच्या कोजागिरीचं आमंत्रण टिपणिसांना गेलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी गेलं, कारण त्या टीव्हीचा आवाज बंद पडला होता.

रोचोरच्या बाजूला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मॉलमध्ये त्यांना ओळखणारा एक दुकानदार होता. तो पिवळी वायर थेट एचडीएमआयमध्ये घालून देणारे स्वस्त डबे विकायचा. टिपणीस त्याच्याकडे दर महिन्याला जात, काही विकत घेत नसत, आणि गिऱ्हाइकांना तो डबा का घेऊ नये हे सांगत. एकदा मी बरोबर होतो. दुकानदाराने बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग शांतपणे विचारलं, "सर, यू वॉन्ट पिक्चर ऑर यू वॉन्ट आर्ग्युमेंट?"

टिपणिसांनी प्रश्नाचा खरोखर विचार केला. "फर्स्ट आर्ग्युमेंट," ते म्हणाले, "देन पिक्चर."

त्यांचे नियम पक्के होते आणि ऑडिटरला शोभतील असे होते. पहिला नियम, टोकाच्या आकारावर विश्वास ठेवायचा नाही. एकवीस पिनांचं जपानी टोक आणि एकवीस पिनांचं युरोपियन टोक बाहेरून जुळ्या भावांसारखी दिसतात. एकाच्या जागी दुसरं सहज बसतं. आतल्या तारांच्या जागा मात्र वेगळ्या असतात, आणि एक दुसऱ्यात घातलं की जिथे आवाज जायचा तिथे वीज जाऊ शकते. दुसरा नियम पहिल्यातूनच निघालेला. मल्टिमीटर लावून प्रत्येक पिन तपासल्याशिवाय कुठलीही केबल कशालाही लावायची नाही. या दोन नियमांवर त्यांनी मला लिफ्टमध्ये, मार्केटमध्ये आणि एकदा एमआरटीच्या ट्रेनमध्ये बून ले स्टेशनपर्यंत व्याख्यान दिलेलं आहे.

अप्पा पाटणकर २०१६च्या डिसेंबरात सिंगापूरला आले. मधुराचे वडील. मिरजेला राहायचे. साखर कारखान्यात केमिस्ट होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आदल्या वर्षी पत्नी गेली. त्यानंतर पावसाळ्यात ते बाथरूममध्ये पडले आणि सकाळी दूधवाल्याने हाका मारून दार ठोठावेपर्यंत तिथेच पडून राहिले. हाड मोडलं नव्हतं. त्यांनी ही गोष्ट मुलीला सांगितलीही नव्हती. दूधवाल्याने शेजाऱ्यांना सांगितली आणि शेजाऱ्यांनी फोन केला. मधुराने त्यांना घेऊन येण्यासाठी तीनदा तिकीट काढलं, तेव्हा तिसऱ्यांदा ते आले. येताना परतीचं तिकीट स्वतः काढून आले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्याचं.

"पाडवा तुमच्याकडे करतो आणि निघतो," ते म्हणाले. "लेकीच्या घरी माणसाने किती दिवस राहावं याला काही मर्यादा आहे."

मधुराला ते परत जायला नको होते. तिने त्यांच्यासाठी देऊळ शोधलं, बाग शोधली, महाराष्ट्र मंडळातले ज्येष्ठ नागरिक शोधले. अप्पा सगळीकडे गेले, सगळ्यांशी चांगलं बोलले आणि घरी येऊन खिडकीशी बसले. त्यांना जेवण आवडतं का विचारलं की म्हणायचे, उत्तम. झोप लागते का, उत्तम. जावयाशी तर ते आणखीच जपून वागत. टिपणीस ऑफिसातून आले की अप्पा उठून उभे राहत. "या उमेशराव." टिपणिसांना अवघडायला होई. तेही उभे राहत. "बसा अप्पा." "तुम्ही बसा." दोघं एकदम बसत. मधुराच्या म्हणण्याप्रमाणे हे रोज होत असे.

जानेवारीतल्या एका रविवारी टिपणीस एक कन्सोल तपासत होते. नुसता चालतो की नाही एवढंच बघायचं होतं, म्हणून त्यांनी तो पिवळ्या वायरीने लावला होता. गेम होता रंगीत फुग्यांचा. खालून फुगा सोडायचा, वरच्या त्याच रंगाच्या फुग्यांना लागला की ते फुटतात. आपण जास्त फोडले की समोरच्यावर पडतात. अप्पा मागे उभे होते. टिपणिसांनी औपचारिकपणे विचारलं, "खेळणार का अप्पा?" अप्पा म्हणाले, "मला काय येतंय," आणि कंट्रोलर हातात घेतला.

पाचव्या की सहाव्या फुग्याला एक अख्खा घोसच्या घोस फुटून खाली आला. अप्पा हसले. मोठ्याने, तोंड उघडून. मधुरा कणकेच्या हाताने बाहेर आली. तिने आई गेल्यापासून हे हसणं ऐकलेलं नव्हतं. अप्पा त्या दिवशी जेवायची वेळ टळेपर्यंत खेळत होते.

टिपणीस शेजारी बसून बघत होते. त्यांना काय दिसत होतं ते त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं. फुगे अंड्यासारखे ओढलेले होते. तांबड्याचा रंग कडेने बाहेर सांडत होता. निळा आणि जांभळा जवळजवळ एक दिसत होते. सासऱ्यांना आयुष्यात पहिल्यांदा ही गोष्ट आवडली होती आणि ती त्यांना अशी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कन्सोल काढून कपाटात ठेवला.

"अप्पा, थोडे दिवस द्या मला," ते म्हणाले. "हे असं बघणं बरोबर नाही. नीट करून देतो."

"काही घाई नाही उमेशराव," अप्पा म्हणाले.

अप्पांना जसा खेळायचा होता तसा तो चाललेला होता, हे जावयाला तोंडावर सांगणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. आणि सासऱ्यांपुढे दुय्यम दर्जाची वस्तू ठेवणं टिपणिसांच्या रीतीत बसत नव्हतं. त्यामुळे दोघांनीही एकमेकांचा मान राखला आणि गेम बंद राहिला.

जानेवारीच्या शेवटी युरोपातून नवा डबा आला. कन्सोलचं चित्र तो उत्तम मोठं करत होता, फक्त टिपणिसांचा टीव्ही ते घ्यायला तयार नव्हता. पडद्यावर सिग्नल नसल्याचा संदेश येई. दोष डब्याचा नाही, टीव्हीचा आहे, असा निष्कर्ष टिपणिसांनी काढला आणि टीव्ही बदलला. फेब्रुवारी त्यात गेला. मग या कन्सोलसाठी लागणारी केबल जपानमधल्या एका विक्रेत्याकडे मिळाली. अप्पा खिडकीशी बसून होते. अधूनमधून ते कपाटाकडे बघत, असं इराचं म्हणणं आहे. तिने एकदा वडिलांना आपल्या सिंगापुरी इंग्रजीत सांगितलंही, "बाबा, कॅन सी ऑलरेडी वॉट. जस्ट लेट हिम प्ले लाह."

"दिसणं वेगळं आणि बघणं वेगळं," टिपणीस म्हणाले.

मार्चच्या सुरुवातीला मधुराने विषय काढला. ती साधारण नवऱ्याच्या छंदात पडत नसे.

"उमेश, ते खेळत होते. तू मध्ये का आलास?"

"अगं, केबल निघालीये तिकडून."

"अप्पांचं तिकीटही निघालंय."

"त्याच्या आत होईल."

"त्यांना इथे धरून ठेवणारी एकच गोष्ट सापडली होती मला. ती तू कपाटात ठेवलीस. का, तर फुगा लांबुडका दिसतो म्हणून. ते तिकडे परत पडले ना, तर फुगा कसा दिसत होता हे कुणी विचारणार नाही."

टिपणिसांनी पार्सल कुठवर आलं ते फोनवर पाहिलं.

केबल पाडव्याच्या आधीच्या शुक्रवारी आली. रविवारी सकाळी टिपणिसांनी सगळं मांडलं. नवा टीव्ही, युरोपियन डबा, जपानी कन्सोल, जपानी केबल. ती युरोपियन डब्याला लावायची तर मध्ये तारांच्या जागा बदलणारा एक जोड लागतो. तो जोड त्यांच्याकडे होता, टेबलावरच होता. मल्टिमीटरही होता. पण अप्पा केव्हाचे सोफ्यावर येऊन बसले होते. त्यांनी अंघोळ करून स्वच्छ शर्ट घातला होता आणि कंट्रोलर दोन्ही हातांत धरून ठेवला होता. वायर अजून कशालाच लावलेली नव्हती.

टिपणीस एकदा मल्टिमीटरकडे आणि एकदा अप्पांकडे बघत होते, असं मधुरा सांगते. शेवटी ते म्हणाले, "झालंच अप्पा, किती वेळ बसवणार तुम्हाला," आणि केबल सरळ डब्यात घातली. टोक बरोबर बसलं. त्यांनी कन्सोल चालू केला.

फुग्यांचं गाणं सुरू झालं. पडदा काळाच राहिला. मग वास आला.

टिपणिसांनी स्विच बंद केला, केबल काढली आणि तिच्या टोकाकडे बघत जमिनीवर बसून राहिले. शेवटी अप्पाच म्हणाले.

"राहू द्या हो उमेशराव. आवाज छान होता."

कन्सोल पुन्हा कधी चित्र देऊ शकला नाही. टिपणिसांनी त्याच संध्याकाळी ओसाकाच्या एका विक्रेत्याकडून दुसरा मागवला. जळालेला कन्सोल त्यांनी एका पिशवीत घालून लिफ्टजवळ ठेवला. त्या पिशवीपाशी सोमवारी अप्पा आणि अंकल टॅन यांची गाठ पडली.

अंकल टॅन कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहायचे. पूर्वी टॅक्सी चालवत. बायको नव्हती, मुलगा लग्नानंतर पुंगोलला गेला होता. अप्पांशी त्यांची ओळख मान हलवण्यापुरती होती. त्यांनी पिशवीत डोकावून विचारलं, "स्पॉइल ऑलरेडी आह?"

"यस," अप्पा म्हणाले. त्यांचं इंग्रजी कारखान्याच्या रिपोर्टमधलं होतं. "इट वॉज डॅमेज्ड ड्युरिंग इन्स्टॉलेशन."

"माय सन वन ऑल्सो हॅव. सेम सेम. इनसाइड कबर्ड. यू प्ले?"

"आय हॅव प्लेड वन्स," अप्पा म्हणाले.

गेमची कार्ट्रिज, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायची गेमची डबी, जळालेली नव्हती. ती टिपणिसांच्या शेल्फवर होती. मंगळवारी पाडवा होता.

पाडव्याच्या दिवशी टिपणिसांनी रजा घेतली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालायचे बांबू खोचायला नळ्या असतात; त्यातल्या एकीत गुढी उभी केली होती. ताटं वाढून झाली तरी अप्पा आले नव्हते. ते फिरायला गेले होते. आदल्या दिवशीही दुपारी फिरायला गेले होते आणि बऱ्याच वेळाने परत आले, तेव्हा शर्ट कोरडा होता हे मधुराच्या लक्षात आलं होतं. सिंगापुरात मार्चच्या दुपारी फिरून आलेल्या माणसाचा शर्ट कोरडा असत नाही.

"बघून ये रे जरा," ती नवऱ्याला म्हणाली.

टिपणीस कॉरिडॉरमध्ये आले आणि त्यांना फुग्यांचं गाणं ऐकू आलं.

पुढचं अंकल टॅन यांनी मला लिफ्टमध्ये सांगितलं. मधुराने त्याला दुजोरा दिला. टिपणिसांनी त्यातला एक भाग नाकारला, तो पुढे येईल.

टॅन यांचं लाकडी दार उघडं होतं, लोखंडी गेट लावलेलं. आत सोफ्यावर अप्पा आणि टॅन शेजारी शेजारी बसले होते. पंखा पूर्ण वेगात. टीव्ही मोठा, कन्सोल पिवळ्या वायरीने लावलेला, चित्र कडेपासून कडेपर्यंत ओढलेलं. प्रत्येक फुगा अंडं झालेला. अप्पा ओरडत होते, "टॅनसाहेब, यू आर फिनिश्ड!" टॅन काहीतरी हॉक्किएन या चिनी बोलीत म्हणत होते, ती शिवी असावी.

टॅन यांना गेटपाशी टिपणीस दिसले. "कम, कम! युअर फादर-इन-लॉ व्हेरी स्ट्राँग वन!"

टिपणीस आत गेले. चपला काढल्या. रिमोट टीव्हीशेजारीच होता. त्यांनी तो उचलला आणि एक बटण दाबलं. चित्र आकसून मधोमध आलं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, फुगे गोल झाले.

"आय्याह, व्हाय बिकम स्मॉल?" टॅन म्हणाले. "बिग टीव्ही, सी हाफ ओन्ली?"

"धिस इज द करेक्ट शेप," टिपणीस म्हणाले.

अप्पा उठून उभे राहिले होते. त्यांनी कंट्रोलर सोफ्यावर ठेवला आणि शर्ट नीट केला. "या उमेशराव," ते म्हणाले. मग टॅन यांच्याकडे वळून, "माय सन-इन-लॉ इज एक्स्पर्ट इन धिस. प्लीज लेट इट बी." आणि पुन्हा जावयाला, "चला. जेवायला खोळंबला असाल सगळे. मला भानच राहिलं नाही."

डाव अर्धा होता. पडद्यावर वरून फुगे खाली सरकत होते आणि अप्पांच्या बाजूला कुणी नव्हतं. टिपणीस रिमोट हातात धरून उभे होते. टॅन सांगतात, ते टीव्हीकडे बघत नव्हते. ते सोफ्यावरच्या कंट्रोलरकडे बघत होते. मग त्यांनी तेच बटण पुन्हा दाबलं. चित्र परत ओढलं गेलं.

"अप्पा, डाव पुरा करा," ते म्हणाले. "श्रीखंड काही पळून जात नाही."

दुसऱ्यांदा बटण दाबलं, हा भाग टिपणीस नाकारतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते रिमोट खाली ठेवत होते आणि अंगठा चुकून लागला.

अप्पा तो डाव हरले. त्या दिवशी पाटणकर-टिपणीस कुटुंब दुपारी उशिरा जेवलं. जेवताना अप्पांनी मधुराला सांगितलं की तिकीट पुढे ढकलता येतं का ते बघ.

"का? काय झालं?" मधुराने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"टॅनसाहेब तीन डावांनी पुढे आहेत. असं मध्येच उठून जाणं बरं दिसत नाही."

तिकीट पुढे ढकललं गेलं नाही, रद्द झालं. जास्त दिवस राहण्यासाठी लागणाऱ्या व्हिजिट पासचे कागद टिपणिसांनी स्वतः भरले आणि ऑडिटरच्या सवयीने दोनदा तपासले.

एप्रिलच्या अखेरीस ओसाकाहून दुसरा कन्सोल आला. या वेळी मल्टिमीटर लागला, मधला जोड लागला, सगळं लागलं. मी ते चित्र पाहिलं आहे. फुग्यावरचा पांढरा ठिपका, जिथे उजेड पडला असावा असं चित्रकाराला दाखवायचं होतं, तो वेगळा दिसत होता. निळा निळा होता, जांभळा जांभळा. टिपणिसांनी अप्पांना सोफ्यावर बसवलं, गणिताने ठरलेल्या अंतरावर.

अप्पांनी थोडा वेळ पाहिलं. "उत्तम," ते म्हणाले. "फुगा अगदी फुग्यासारखा दिसतो." त्यांनी एक डाव खेळला. मग घड्याळाकडे पाहिलं. "उमेशराव, मी जरा टॅनसाहेबांकडे जाऊन येऊ का? ते वाट बघत असतील."

टिपणिसांनी अंकल टॅन यांना आपल्याकडे खेळायला येण्याचं रीतसर आमंत्रण दिलं. टॅन एकदा आले. त्यांनी चित्राचं कौतुक केलं, काळ्या पट्ट्यांबद्दल पुन्हा विचारलं, आणि चहा घेऊन गेले. नंतर लिफ्टमध्ये म्हणाले, "युअर फ्रेंड हाऊस व्हेरी नाइस. बट लाइक क्लिनिक."

टिपणिसांनी केबलचं काम थांबवलं नाही. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी आणखी दोन डबे घेतले. लोकांकडे गेले की ते टीव्हीच्या मागे जात राहिले. फक्त स्वतःच्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या त्या टोकाच्या घरात, ते कधी टीव्हीच्या मागे गेल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

मी २०१९मध्ये सेरंगूनला राहायला गेलो. ब्लॉक सोडायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी निरोप घ्यायला वर गेलो. टिपणिसांचं दार उघडं होतं, हॉलमध्ये कुणी नव्हतं. टीव्ही चालू होता. गेमचा पहिला पडदा लागलेला होता, चित्र स्वच्छ. मधुरा आतून म्हणाली, "ते तिकडे आहेत."

अंकल टॅन यांच्या गेटमधून आत दिसलं. सोफ्यावर अप्पा आणि टॅन बसले होते, मांडीवर शेंगदाण्यांची पिशवी. टिपणीस खाली फरशीवर मांडी घालून बसले होते, ऑफिसच्याच कपड्यांत. कंट्रोलर त्यांच्या हातात होता आणि ते हरत होते.

"अरे उमेश, निळा! निळा मार!" अप्पा ओरडले. "बघतोस काय?"

"अप्पा, या वायरवर निळा आणि जांभळा वेगळा दिसतच नाही."

"मग अंदाजाने मार."

टिपणिसांनी अंदाजाने मारला. तो जांभळा निघाला. टॅन हसता हसता खोकायला लागले आणि अप्पांनी त्यांच्या पाठीवर थापटलं. मी गेटवर टकटक केली, तेव्हा तिघांपैकी कुणी वळून पाहिलं नाही. मी परत आलो.

त्यानंतर मी टिपणिसांना पाहिलेलं नाही. त्या वर्षीच्या डिसेंबरात मधुराशी फोनवर बोलणं झालं. मिरजेचा फ्लॅट अप्पांनी भाड्याने दिला होता. भाडेकरू राहायला आले होते.